आकाशमार्गाचा जमिनीशी सांधा

न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी ग्रँड सेंट्रल नावाचे एक विख्यात रेल्वेस्थानक आहे. १९१३ साली ते खुले झाले. त्यात ४४ फलाट आहेत. एका स्थानकात इतके फलाट जगात अन्यत्र कोठेही नाहीत. या स्थानकाच्या पाठीला पाठ लावून १९६३ साली पॅन अमेरिकन या विमानकंपनीची ५९ मजली इमारत उभी राहिली आणि १९६५ च्या डिसेंबरच्या २१ तारखेस तिच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरांची नियमित सेवा सुरू झाली. सर्वांत खाली भुयारी रेल्वे, तिच्या वर उपनगरांच्या आगगाड्या, रस्त्यावर बस आणि टॅक्सी, आणि अडीचशे मीटर उंचीवर, गच्चीवर, विमानतळाकडे झेपावणारे हेलिकॉप्टर! लिफ्टने वर जावे, पंचवीस आसनांच्या यंत्रात बसावे, आणि सात ते दहा मिनिटांत केनेडी विमानतळावर उतरावे. भुयारापासून आभाळापर्यंत वाहतुकीचे सर्व प्रकार एका उभ्या रेषेत ओवले गेले होते. नगररचनेचा अभ्यास करणाऱ्याला याहून सुबक सांधा कागदावरदेखील काढता आला नसता.

आज जगातील अनेक शहरांत विजेवर चालणाऱ्या हवाई टॅक्सींची चर्चा चालू आहे. शहराच्या आकाशातून माणसांची ने-आण करावी, आणि ही ने-आण बस, रेल्वे, मेट्रो यांच्याशी जोडून द्यावी, असा तो विचार आहे. अशा वेळी त्या गच्चीचे पुढे काय झाले, हे आधी पाहणे इष्ट ठरेल.

ही सेवा चालविणाऱ्या कंपनीचे नाव न्यूयॉर्क एअरवेज. १९५२ साली तिने हेलिकॉप्टरने टपाल नेण्यास आरंभ केला आणि १९५३ च्या जुलै महिन्यात उतारू घेण्यास प्रारंभ केला. शहराभोवतालचे तीन विमानतळ एकमेकांशी जोडावेत, हा तिचा मूळ हेतू होता. तिच्या नावावर इतिहासाने एक चांगली नोंद करून ठेवली आहे, ती येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. अमेरिकेत नियमित प्रवासी वाहतूक करणाऱ्या कंपनीत कृष्णवर्णीय वैमानिकाला प्रथम स्थान मिळाले ते याच कंपनीत, १९५६ साली. पेरी यंग हे त्यांचे नाव. परंतु चांगल्या नोंदींवर कंपनीचा जमाखर्च चालत नसतो. न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस या तिन्ही शहरांतील हेलिकॉप्टर-सेवा संघराज्य सरकारच्या अनुदानावर उभ्या होत्या. थोड्या सुखवस्तू उतारूंच्या प्रवासाचा भार सर्व करदात्यांनी का वाहावा, असा प्रश्न अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहात वारंवार विचारला जाऊ लागला आणि १९६५ साली हे अनुदान बंद झाले. म्हणजे गच्चीवरची सेवा ज्या वर्षी सुरू झाली त्याच वर्षी तिच्या पायाखालचा आधार निघाला होता. मोठ्या विमानकंपन्यांनी काही काळ टेकू दिला. तरी जमाखर्चाची तोंडमिळवणी होईना. १९६८ मध्ये गच्ची बंद पडली.

१९७७ च्या फेब्रुवारीत ती पुन्हा उघडली. त्याच वर्षी १६ मे रोजी सायंकाळी एक हेलिकॉप्टर गच्चीवर उभे होते. पंखा फिरत होता, उतारू चढत होते. इतक्यात त्याच्या एका बाजूच्या चाकाचा आधार मोडला. वारंवार ताण पडून तो धातू क्षीण झाला होता, असे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. यंत्र कलंडले, फिरती पाती गच्चीला थडकली आणि चार माणसे मृत्युमुखी पडली. तुटलेल्या पात्याचा एक तुकडा उडून खाली मॅडिसन अव्हेन्यूच्या बाजूला पडला. तेथे रस्त्याने पायी चाललेली एक स्त्री त्याने ठार झाली. हेलिकॉप्टरशी तिचा संबंध तो काय? तिने तिकीट काढले नव्हते, गच्ची पाहिली नव्हती. आकाशमार्ग शहरावरून जातो तेव्हा त्याची जोखीम तिकीट न काढणाऱ्यांतही वाटली जाते, ही गोष्ट त्या संध्याकाळी शहराला कळून चुकली. गच्ची कायमची बंद झाली. १९७९ साली नेवार्क येथे आणखी एक अपघात होऊन कंपनीही बुडाली. लॉस एंजेलिसच्या कंपनीचे दिवस तर त्यापूर्वीच संपले होते. तेथे १९६८ साली तीन महिन्यांच्या आत दोन अपघात होऊन एकंदर ४४ माणसे दगावली होती.

या हकिगतीतून एवढाच अर्थ काढावयाचा की हेलिकॉप्टरे धोक्याची असतात, तर ते फार उथळ होईल. अपघात झाला नसता तरी ती सेवा टिकली असती असे दिसत नाही. तिच्यातील उणीव निराळी होती. भुयारी रेल्वे, आगगाडी आणि हेलिकॉप्टर ही एकाच जागी होती, परंतु एकमेकांत मिसळलेली नव्हती. भुयारी गाडीतून उतरणारा हजारो माणसांचा लोंढा आणि गच्चीवर चढणारी पंचवीस माणसे, यांचा एकमेकांशी काहीही व्यवहार नव्हता. तिकीट वेगळे, प्रवासी वेगळे, दोघांच्या गरजा वेगळ्या. शेजार म्हणजे नाते नव्हे, हे चाळीत राहिलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. नगररचनाकारांना मात्र ते कधी कधी सांगावे लागते.

आणि आता त्याच जागेची पुढची गोष्ट. केनेडी विमानतळ जमैका येथील रेल्वेस्थानकाशी जोडणारी छोटी आगगाडी २००३ च्या डिसेंबरात सुरू झाली. नंतर २०२३ च्या जानेवारीत ग्रँड सेंट्रलच्या खाली, खोल भूगर्भात, लाँग आयलंडकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी नवे स्थानक उघडण्यात आले. तेथून गाडीत बसावे, जमैकाला उतरावे, विमानतळाची छोटी गाडी धरावी. ज्या इमारतीच्या गच्चीवरून विमानतळ गाठण्याचा खटाटोप झाला, तिच्या पायथ्याखालून विमानतळाची वाट अखेर निघाली. तीस मध्यंतरी पंचेचाळीस वर्षे लागली. या वाटेने सात मिनिटांत जाता येत नाही, हे खरे. शिवाय विमानतळाच्या त्या छोट्या गाडीचे भाडे वेगळे द्यावे लागते, आणि तेही स्वस्त नाही. पण ती वाट रोज हजारोंना पुरते.

सात मिनिटे हा आकडा मात्र आकाशमार्गाच्या पुरस्कर्त्यांना फार प्रिय दिसतो. २०१६ साली अमेरिकेतील उबर कंपनीने एक विस्तृत टिपण प्रसिद्ध करून विजेच्या हवाई टॅक्सींचे चित्र जगापुढे ठेवले. हेलिकॉप्टराप्रमाणे सरळ वर उठणारे, परंतु अनेक लहान पंख्यांचे आणि पुष्कळच कमी आवाज करणारे असे हे यान. २०२३ पर्यंत ते भाड्याने धावू लागेल, असा त्या कंपनीचा मनोदय होता. पण २०२० च्या डिसेंबरात तिने तो विभागच जोबी या दुसऱ्या कंपनीला देऊन टाकला. या जोबीने २०२३ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये यान उडवून दाखविले आणि मॅनहॅटनहून केनेडी विमानतळ सात मिनिटांत गाठता येईल असे सांगितले. त्याच महिन्यात आपल्याकडे इंडिगो विमानकंपनीच्या मूळ संस्थेने एका अमेरिकन कंपनीबरोबर करार जाहीर केला. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसहून गुरुग्रामला सात मिनिटांत! २०२६ पासून ही सेवा देण्याचा त्यांचा मानस होता. घोषणा झाली तेव्हा या दोन स्थळांदरम्यान दिल्लीची मेट्रो २०१० पासून धावत होती, याचा उल्लेख करणे उचित ठरेल.

या सात मिनिटांचा हिशेब नीट मांडून पाहावा. उतारू घरातून निघतो तेव्हा तो यानतळावर नसतो. यानतळापर्यंत त्याला रस्त्यानेच जावे लागते, आणि ज्या गर्दीला टाळण्यासाठी तो उडणार असतो तीच गर्दी त्या रस्त्यावर त्याची वाट पाहत असते. तेथे सामानाचे वजन, तपासणी, रांग. पलीकडे उतरल्यावर पुन्हा रस्ता. आकाशातील सात मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवरची चाळीस मिनिटे चिकटलेली असली, तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा प्रकार होतो. यान अधिक वेगवान केल्याने यात विशेष फरक पडत नाही. सात मिनिटांची पाच झाली तरी बाकीची चाळीस तशीच राहतात. फरक पडतो तो केवळ सांध्याच्या ठिकाणी. उतरल्याबरोबर समोर गाडी मिळते की नाही, त्याच तिकिटावर पुढे जाता येते की नाही, आणि जेथे गरज आहे तेथेच यान थांबते की नाही, हे प्रश्न खरे.

दुसरा हिशेब संख्येचा. या नव्या यानांत चालकाखेरीज साधारणतः चार माणसे बसतात. तासाला तीन हजार माणसे एका दिशेने न्यावयाची, म्हणजे साडेसातशे उड्डाणे. दर पाच सेकंदांना एकाहून अधिक. उतरणे, माणसे उतरविणे-चढविणे आणि पुन्हा उठणे यास पाच मिनिटे धरली, तर एका चौथऱ्यावरून तासाला बारा याने सुटतील. तीन हजारांसाठी साठाहून अधिक चौथरे लागतील. एवढी मोकळी जागा शहराच्या मध्यभागी असती, तर तेथे आधीच बगीचा किंवा शाळेचे क्रीडांगण नसते का? आणि तीन हजार ही संख्या तरी केवढी? मुंबईच्या लोकलच्या एका गाडीत गर्दीच्या वेळी याहून अधिक माणसे असतात.

पॅरिसने २०२४ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने हा प्रयोग करण्याचे मनावर घेतले. व्होलोकॉप्टर या जर्मन कंपनीचे यान. चालक एक आणि उतारूही एकच. सीन नदीत ऑस्टरलिट्झच्या आगगाडी स्थानकाजवळ एक तराफा बांधून त्यावर यानतळ करण्याचे ठरले. म्हणजे येथेही सांधा कागदावर होताच. पॅरिसच्या नगरपालिकेने विरोध केला. फ्रेंच सरकारने जुलैमध्ये परवानगी दिली. पण यंत्रास सुरक्षिततेचा आवश्यक दाखला वेळेत मिळाला नाही. सामने पार पडले, आणि शहरावरून एकही भाड्याचा उतारू उडाला नाही. वर्साय परिसरात ऑगस्टमध्ये एक रिकामे प्रात्यक्षिक तेवढे झाले. वर्ष संपण्यापूर्वी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तर मग शहराने आकाशाचा विचार सोडून द्यावा काय? मुळीच नाही. आकाशमार्ग सार्वजनिक वाहतुकीत विरघळवून दाखविणारे एक शहर दक्षिण अमेरिकेत आहे, आणि तेथील साधन हेलिकॉप्टरापेक्षा कितीतरी जुने व साधे आहे. ते म्हणजे दोरावरून सरकणारा पाळणा, अर्थात रज्जुमार्ग. आपल्याकडे तो देवस्थानांच्या डोंगरांवर आणि थंड हवेच्या ठिकाणी दिसतो. कोलंबिया देशातील मेडेलिन शहराने तो शहराच्या चाकरमान्यांसाठी बांधला.

मेडेलिन हे एका अरुंद दरीत वसलेले शहर आहे. मधून नदी वाहते, तिच्या काठाने १९९५ पासून मेट्रो धावते. दोन्ही बाजूंच्या चढणींवर खेड्यांतून परागंदा होऊन आलेल्या लोकांनी घरांवर घरे रचली. रस्ते नव्हते, जिने, पायवाटा आणि मधूनमधून ओढ्यांच्या घळी. मेट्रो खाली डोळ्यांना दिसे, परंतु तिच्यापर्यंत उतरून कामाला जाण्यायेण्यात दिवसाचे दीड-दोन तास मोडत. त्यात या वस्त्यांवर टोळ्यांचा अंमल. १९९१ साली मेडेलिनमध्ये दर लाख वस्तीमागे ३८१ खून झाले. जगातील कोणत्याही शहराला असा आकडा सांगण्याची पाळी येऊ नये.

या उतारावर २००४ साली पहिला रज्जुमार्ग सुरू झाला. खाली असेवेदो हे मेट्रोचे स्थानक आणि वर सांतो दोमिंगो साव्हियो ही वस्ती. लांबी सुमारे दोन किलोमीटर, चढ सुमारे चारशे मीटर, मध्ये दोन थांबे. वस्तीचे नाव ज्या संत दोमिनिक सावियोवरून पडले, तो डॉन बॉस्को यांच्या शाळेतील एक विद्यार्थी. पंधरावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच तो १८५७ साली वारला आणि १९५४ साली पोपमहाशयांनी त्यास संतपद दिले. शाळकरी पोराच्या नावाची वस्ती, आणि तिच्यातील शाळकरी पोरांना संध्याकाळी गल्लीबाहेर पडण्याची धास्ती, ही विसंगती तेथील शिक्षकांना जाणवल्यावाचून राहिली नसेल.

या मार्गाचे तंत्र पर्वतावरील बर्फात खेळणाऱ्यांसाठी विकसित झाले होते. फ्रान्समधील कारखान्याने ते पुरविले. दहा माणसांचा पाळणा, दर बारा सेकंदांना एक. म्हणजे तासाला एका दिशेने तीन हजार माणसे. पाळणा स्थानकात आला की मुख्य दोरापासून सुटून मंद होतो, जेणेकरून म्हाताऱ्या माणसासही पाऊल टाकता यावे. बाहेर पडताना पुन्हा दोर पकडतो. वेळापत्रक पाहावे लागत नाही, कारण वाट पाहावी लागते ती पुढच्या पाळण्याची. खर्च आला सुमारे अडीच कोटी डॉलर. भुयारी रेल्वेच्या मानाने ही रक्कम किरकोळच.

पण मेडेलिनचे खरे शहाणपण या यंत्रात नाही. ते पुढील गोष्टीत आहे. हा मार्ग कोणा वेगळ्या कंपनीला न देता मेट्रोच्याच संस्थेने चालविला. मेट्रोच्या नकाशावर त्याला मेट्रोच्याच मार्गासारखे एक अक्षर दिले. आणि डोंगरावर पाळण्यात बसलेल्या माणसाने खाली मेट्रोत पाऊल टाकले तर त्याच्याकडून दुसरे भाडे घ्यावयाचे नाही, असे ठरविले. असेवेदोला पाळण्याचा फलाट मेट्रोच्या फलाटाशी एकाच इमारतीत, एकाच फाटकाच्या आत आहे. गोव्यातील श्रोत्यांना फेरीबोटीची आठवण येईल. तेथे पायी उतारूकडून भाडे घेत नाहीत, कारण बोट ही निराळी चैन नसून रस्त्याचाच पाण्यावर आलेला तुकडा आहे. मेडेलिनने पाळण्याला जिन्याचाच हवेत आलेला तुकडा मानले.

आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत. सेर्खिओ फाहार्दो हे गणिताचे प्राध्यापक २००४ साली मेडेलिनचे महापौर झाले. रज्जुमार्गाची आखणी त्यांच्या आधीच्या महापौरांच्या काळातली. फाहार्दो यांच्या प्रशासनाने त्या खांबांच्या पायथ्याशी रस्ते रुंद केले, घळींवर पादचारी पूल बांधले, शाळा उभ्या केल्या आणि २००७ मध्ये वरच्या टोकाला एक भव्य ग्रंथालय उघडले. ते ग्रंथालय बांधकामातील दोषांमुळे पुढे बरीच वर्षे बंद ठेवावे लागले, हेही सांगितले पाहिजे; कौतुकाच्या भरात हा भाग पुष्कळांकडून गाळला जातो. २०१२ साली अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. रज्जुमार्गाच्या आसपासच्या वस्त्या आणि तशाच गरीब पण रज्जुमार्ग नसलेल्या वस्त्या यांची तुलना तीत होती. २००३ ते २००८ या काळात खुनांचे प्रमाण दोन्हीकडे उतरले, परंतु पहिल्या वस्त्यांत ही घट ६६ टक्क्यांनी अधिक होती. हे सर्व पाळण्याने केले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल; पूल, शाळा, दिवे, पोलीस या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. पण ती साधने वस्तीपर्यंत पोचविण्यासाठी नगरपालिकेला जी वाट लागली ती आधी पाळण्याने घालून दिली.

या मार्गाचे दोषही आहेत. गर्दीच्या वेळी असेवेदोला रांगा लागतात, कारण तीन हजारांपलीकडे हा मार्ग ताणता येत नाही. विजा कडाडू लागल्या की तो थांबवावा लागतो. २०२४ च्या जून महिन्यात एक पाळणा निसटून खाली कोसळला. एक माणूस दगावला, कित्येक जखमी झाले. न्यूयॉर्कच्या गच्चीप्रमाणे हीही आकाशातून आलेली आपत्ती होती. परंतु येथे रज्जुमार्ग मोडीत निघाला नाही; दुरुस्ती होऊन तो पुन्हा चालू झाला, कारण तो बंद पडला तर डोंगरावरच्या माणसाला दुसरी सोयीची वाट नव्हती. गच्ची बंद पडली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये फारसे कोणाचे अडले नव्हते.

पाळणा आला की शहर आपोआप जोडले जाते, असा समज मात्र करून घेऊ नये. लंडनने २०१२ साली थेम्स नदीवरून तसाच रज्जुमार्ग बांधला. पण त्याचे भाडे निराळे ठेवले. लंडनकरांच्या खिशातील नेहमीच्या पासावर त्यात बसता येत नव्हते. आणि मुख्य म्हणजे तेथून हाकेच्या अंतरावर भुयारी रेल्वे त्याच नदीखालून दोन-तीन मिनिटांत पलीकडे नेत होती. परिणाम व्हावयाचा तोच झाला. २०१३ च्या नोव्हेंबरात वृत्तपत्रांनी आकडे तपासले, तेव्हा रोजच्या कामासाठी तो वापरणारे लोक चारच निघाले! सुटीच्या दिवशी नदीची शोभा पाहण्यास मात्र माणसे येतात आणि आनंदाने परत जातात. शोभा पाहण्यात काही गैर नाही. फक्त तिला वाहतूक-योजनेच्या खात्यात मांडू नये.

हवाई यानांनाही त्यांचे योग्य स्थान आहे. कॅनडातील व्हॅंकूव्हर आणि व्हिक्टोरिया या शहरांदरम्यान समुद्र आहे. जमिनीवरून बस आणि नंतर मोठी बोट अशा प्रवासात अर्धा दिवस जातो. हेलिकॉप्टर तो सुमारे ३५ मिनिटांत करते. १९८६ पासून ही सेवा चालू आहे, आणि व्हॅंकूव्हरला तिचा तळ ज्या बंदरात आहे तेथून वॉटरफ्रंट स्थानक पायी गाठता येते. त्या स्थानकात मेट्रो, उपनगरी आगगाडी आणि खाडी ओलांडणारी बोट यांचा मेळ आहे. म्हणजे उतारू उतरतो तो सांध्यावरच. रुग्णासाठी काढलेले हृदय किंवा यकृत एका इस्पितळातून दुसऱ्यात न्यावयाचे, पुराने वेढलेल्या गावात डॉक्टर पोचवायचा, अशा कामांत तर एका माणसासाठीही यान उडवावे. तेथे हिशेब मिनिटांचाच असतो, आणि तो कोणी नाकारणार नाही. प्रश्न आहे तो रोज सकाळी कामावर निघणाऱ्या माणसाचा.

आपल्या देशात या दृष्टीने एक घटना लक्षात घेण्याजोगी आहे. २४ मार्च २०२३ रोजी काशीमध्ये, शहरातील सार्वजनिक वाहतुकीसाठी म्हणून योजलेल्या देशातील पहिल्या रज्जुमार्गाचा पायाभरणी समारंभ झाला. लांबी पावणेचार किलोमीटर; एक टोक रेल्वेच्या कँट स्थानकापाशी, दुसरे गोदौलिया चौकात, मध्ये विद्यापीठ, रथयात्रा आणि गिरजाघर. महाराष्ट्र, इंदूर, ग्वाल्हेर या भागांतून काशीयात्रेस गेलेल्या कोणत्याही कुटुंबाला स्टेशन ते गोदौलिया या रस्त्यावरची कोंडी ठाऊक आहे. आखणी स्टेशनापासूनच केली आहे, ही गोष्ट चांगली. पण आगगाडीतून उतरलेला यात्रेकरू आणि कँटजवळच्या कचेरीत रोज जाणारा काशीकर, या दोघांना परवडेल असे भाडे आणि रोज्या माणसासाठी बसशी जोडलेला पास, या दोन गोष्टींवर तो मार्ग मेडेलिनच्या वाटेने जाईल की लंडनच्या, हे ठरणार आहे. खांब उभे करणे हे अभियंत्यांचे काम. ही दोन कामे नगरपालिकेची आणि राज्य सरकारची आहेत, आणि ती खांबांच्या आधी व्हावयास हवी असतात.

पुन्हा एकवार पॅरिसकडे वळू. सीन नदीतील तराफ्याचा बेत फसल्यानंतर सोळा-सतरा महिन्यांनी, १३ डिसेंबर २०२५ रोजी, पॅरिसच्या आग्नेयेस क्रेतेय या उपनगरात एक रज्जुमार्ग सुरू झाला. समारंभाचा गाजावाजा ऑलिंपिकच्या तुलनेने काहीच नव्हता. त्याची लांबी साडेचार किलोमीटर. पाच स्थानके, १०५ पाळणे. या भागात आगगाड्यांच्या मार्गांची आणि मोठ्या रस्त्यांची अशी काही जाळी पसरली आहे की समोर दिसणाऱ्या वस्तीत जाण्यासाठी बसने सुमारे चाळीस मिनिटांचा वळसा घ्यावा लागे. पाळणा या सर्वांच्या डोक्यावरून अठरा मिनिटांत पलीकडे जातो. एका टोकाला मेट्रोच्या आठव्या मार्गाचे स्थानक आहे. पाळण्यातून उतरावे आणि मेट्रोत शिरावे. तिकीट बसचे आणि ट्रामचे असते तेच, आणि ज्याच्या खिशात महिन्याचा पास आहे त्याने तो फाटकाला दाखवून आत जावे.